फाट्यावरच्या दिव्यांसाठी चाळीस पाट

२३ जानेवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. दौंड

स्थानकाचा पूल उतरून मी रेल्वे वसाहतीमागच्या सुतारशाळेकडे चालू लागले. तिथे माझे चाळीस पाट तयार होते आणि प्रजासत्ताक दिनी शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेत त्यांची परीक्षा होती. त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या मंडळींनीच तसे सुचवले. मांडवगण फराट्याच्या अलीकडे, भीमेपासून थोडे आत, उसाने वेढलेले गाव, एवढे सांगणे पुरेसे आहे.

पाटच का, हे आधी सांगायला हवे. मी पदार्थविज्ञान शिकले आणि पुढे घरगुती वस्तूंच्या रचनेकडे वळले. नागरिक म्हणून आपले जे काम असते, त्याची आठवण करून देणारी एखादी वस्तू घरात असू शकते का, या एकाच प्रश्नावर मी सध्या काम करते आहे. नळाला पाणी कधी येते, सिलिंडर कधी संपेल, हे स्वयंपाकघराला ठाऊक असते. ग्रामसभा कधी आहे आणि तिच्यात काय ठरणार आहे, हे मात्र पंचायतीच्या फलकावरच राहते, आणि त्या फलकासमोर स्त्रिया सहसा थांबत नाहीत. म्हणून मी असा पाट केला, की ज्याची एक बाजू बसण्यासाठी आणि दुसरी पाटीसारखी काळी. एरवी तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा राहील. काळ्या बाजूवर सभेचा दिवस आणि घरातल्या बाईचा विषय खडूने लिहिलेला असेल. सभेच्या दिवशी तोच उचलून न्यायचा आणि त्यावर बसायचे. कागदावर ही कल्पना मला अतिशय नेटकी वाटली होती.

सुतारमामांना ती तितकीशी पटलेली नव्हती. पाटाच्या दोन्ही टोकांना मी जाड पट्ट्या बसवायला सांगितल्या होत्या, त्यामुळे तो कोणत्याही बाजूने ठेवला तरी जमिनीपासून सारखाच उंच राही.

“चाळीस नग केलं, पर अजून उमजलं न्हाई,” ते फळीवरून हात फिरवत म्हणाले. “याला सुलटं कुठलं आन् पालथं कुठलं?”

“दोन्ही सुलटे, मामा.”

“मग जावयाला कुठल्या बाजूवर बसवायचं?”

“लाकडी बाजूवर.”

“आन् काळ्या बाजूवर सासऱ्याला,” आतून रंधा मारणारे त्यांचे भाऊ म्हणाले, आणि दोघेही मनापासून हसले. मीही हसले. तो विनोद मी नोंदवून ठेवायला हवा होता, हे संध्याकाळी कळले.

पाट पिकअपमध्ये रचून आम्ही निघालो. केडगावच्या जवळ चालकाने न विचारता गाडी एका गुऱ्हाळावर वळवली. “गुळाचा वास आला की ही गाडी सरळ जात न्हाई, म्याडम,” हे त्याचे स्पष्टीकरण. कढईवर उत्तरेकडून आलेले कामगार उभे होते, त्यातल्या एकाने स्टीलच्या वाटीत काकवी ओतून दिली आणि बजावले, “दीदी, फूँक के. ज़बान जलेगी.” चालकाने डब्यातली बाजरीची भाकरी माझ्यापुढे धरली. पुण्यात काकवी बाटलीत मिळते, घट्ट आणि गार. ही पातळ होती, धुराचा किंचित वास असलेली, आणि भाकरीत शिरताना तिचा रंग बदलत होता. जीभ अर्थातच भाजली.

पारगावजवळ भीमा ओलांडली. नदी रुंद आणि संथ होती, काठचा ऊस निम्मा तुटलेला. पलीकडे शिरूर तालुका.

मंगलताईंचे स्वयंपाकघर

माझा मुक्काम मंगलताईंकडे होता. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य, बचत गटाच्या अध्यक्ष आणि पिठाच्या गिरणीच्या मालकीण. बोलताना समोरचा माणूस आपल्या गिरणीच्या रांगेत उभा आहे असे धरून बोलतात. संध्याकाळी त्यांनी गटातल्या पंधरा-वीस जणींना बोलावले. मी एका पाटावर खडूने लिहिले: “२६ जानेवारी. विषय: फाट्यावरचे दिवे.” तो भिंतीला टेकवला. सगळ्यांनी मान हलवली. मग मी तो आडवा केला, लाकडी बाजू वर, आणि म्हटले, “आता बसा.”

कोणी बसले नाही.

मला वाटले संकोच असेल. मी स्वतः बसून दाखवले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले.

“म्याडम,” मंगलताईंनी विचारले, “तुमच्याखाली काय हाय?”

“पाट.”

“आन् पाटाखाली?”

मी उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातून आवाज आला, “पुस्तकाला पाय लागला तर आपण पाया पडतो. हिथं तर पायाचा प्रश्नच न्हाई!” घर हसण्याने भरून गेले. मी उठले.

चूक साधी होती. पुण्यात मी पाटाची चाचणी दोन भागांत घेतली होती: आधी बसण्याची, वजन ठेवून आणि माणसे बसवून, नंतर लिहिण्याची, फळी भिंतीला उभी करून. दोन्ही भाग स्वतंत्रपणे यशस्वी झाले. लिहिलेल्या पाटावर कोणाला बसवून पाहावे, हे मात्र सुचले नाही. अक्षर बुडाखाली घ्यायचे नाही, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. वर्तमानपत्रावर बसताना मीही घुटमळते. पण रचना करताना तो नियम मी घरी ठेवून आले होते.

सभेला दोन दिवस उरले होते. तेवढ्यात चाळीस पाट बदलणे शक्य नव्हते.

सगळ्या गेल्यावर एक जण मागे थांबली. तिचे नाव सुनंदा. वय माझ्याएवढेच, सव्वीस-सत्तावीस. ती गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहते आणि शिक्रापूरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. दिव्यांचा विषय मुळात तिचा. दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस तिला फाट्यावर सोडते. तिथून वस्तीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जातो आणि त्यावर एकही दिवा नाही. ऊस तुटायला लागला की बिबटे बाहेर पडतात. नवऱ्याला रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जावे लागते, त्यामुळे तो तिला आणायला येऊ शकत नाही. मागच्या पंधरवड्यात वस्तीतले एक कुत्रे बिबट्याने नेले, त्या दिवशी सासूबाईंनी निर्णय दिला.

“एक तारखेपासनं नोकरी बंद म्हणाल्या. न्हाईतर शिक्रापुरात खोली घे. पोरगी हिथंच ऱ्हाणार.” मग तिने पाटाकडे बघून विचारले, “ह्ये पाट नसतील तर सभा होईल ना?”

मी होईल म्हणाले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही.

२४ जानेवारी. शिक्रापूर

सुनंदाची पाळी सुरू होण्याआधी मी तिच्याबरोबर ती खोली पाहायला गेले. शिक्रापूरच्या चौकात मालट्रक इतक्या जवळून जातात, की टपरीवरच्या चहावर बारीक कंप दिसतो. मिसळ उत्तम होती. शेव घरची, रस्सा काळपट आणि तिखट, पाव मात्र कालचा. मागच्या गल्लीत तीन मजली चाळवजा इमारत, प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या. दाखवायला आलेल्या मालकीणबाईंनी सांगितले, एका खोलीत चौघी. तिघी आधीच होत्या, झारखंडच्या. त्यांतली एक केस पुसत म्हणाली, “आ जाओ दीदी, खिड़की वाली जगह खाली है.”

खिडकी चांगली होती. तिच्यातून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती.

“पोरीला आणता येतं का?” सुनंदाने विचारले.

“लेडीज रूम आहे, बाई. लहान मूल नाही चालत,” मालकीणबाई म्हणाल्या.

आम्ही परत चौकात आलो. कंपनीच्या बसमध्ये चढताना ती म्हणाली, “जागा धरून ठेवा म्हणले त्यांना. आपलं सांगून ठेवलं.”

मी एकटीच परतले. एरवी जाईन तिथे मी मापे घेते; त्या दिवशी मला मोजपट्टी काढावीशी वाटली नाही.

२५ जानेवारी. हुरडा

मंगलताईंच्या शेतात हुरड्याची कणसे भाजायला आली होती. गोवऱ्यांच्या आरावर कणीस फिरवायचे, हातावर चोळायचे, फुंकून तूस उडवायचे. कोवळे, गोडसर दाणे लसणाच्या चटणीबरोबर आणि घट्ट दह्याबरोबर खायचे. माझ्या चोळण्याने निम्मे दाणे मातीत गेले. “कोंबड्यांचं बी भलं झालं पायजे,” मंगलताई म्हणाल्या.

आप्पा तिथेच भेटले. ते मंगलताईंचे चुलत सासरे, माजी सरपंच. पांढरी टोपी, बारीक मिशा, अतिशय आदबशीर. त्यांनी स्वतः चोळलेला हुरडा माझ्या पानावर ठेवला आणि गावाला स्वागत कमान का हवी हे समजावले. पंचायतीच्या निधीतून यंदा एकच काम होणार होते: कमान किंवा दिवे.

“गावाला तोंड पायजे, म्याडम. कमान म्हंजी गावाचं तोंड.”

“आन् डोळे, आप्पा?” मंगलताईंनी कणीस उलटत विचारले.

“डोळे हायेत की. आमी बघतोय.”

“दिवसाचं.”

आप्पा हसले. मग त्यांनी उद्याचे गणित उघडपणे मांडले, त्यात लपवण्यासारखे काही नाही अशा सुरात. ग्रामसभेला किमान शंभर मतदार लागतात. तेवढे कधी जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. आठ-दहा जाणती माणसे बसून काम उरकतात. “आमच्या आळीतलं उद्या कुणी येत न्हाई. ऊसतोड हाय, कांदा हाय. कायदाच हाय तसा.”

कायदा खरोखरच तसा आहे. माझ्या घरी, पुण्यात, सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना येते तिच्यात छापलेलेच असते की गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल. तो अर्धा तास सगळे चहा पितात. इथे त्या अर्ध्या तासाचे काही दिवस होतात, एवढाच फरक.

आप्पा गेल्यावर मी मंगलताईंना म्हटले, की पाट परत नेते. उगीच सभेत हसे नको.

“न्हेताय कुठं? आमी कुठं म्हणलं पाट नकोत?”

“पण बसणार नाही ना कोणी.”

“बसायचं कशाला? मांडायचे.” त्यांनी हात झटकले. “ऐका. काळी बाजू वर. पयल्या रांगेपासनं. जिचा पाट तिचं नाव, खाली विषय. लिवलेल्यावर पाय कोण ठिवंल? आन् मांडलेला पाट कोण उचलंल? पाटावरनं उठवणं म्हंजी काय असतं ते आप्पांना तुमच्याआधी कळतं.”

“पण बायका आल्या नाहीत तर?”

“आपल्या नावाचा पाट मांडलाय आन् आपुन घरी? रिकामा?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी मीठ कशाला घालतात असे विचारले होते. “जेवायला वाढल्यावर कुणी न्हाई आलं तर वाढणारीला कसं वाटतं? तसं त्या बाईला वाटणार. येतीया का न्हाई बघा.”

मी विचार केला. त्यांचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे होते. माझ्या रचनेचा आधार आठवण हा होता; त्यांचा आधार लाज आणि मान यांवर होता. दुसरा आधार जास्त जुना आणि बहुधा जास्त मजबूत. संध्याकाळी आम्ही चाळीस घरी पाट आणि खडू पोहोचवले.

२६ जानेवारी. ग्रामसभा

सभा ग्रामपंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरते. सकाळी थंडी होती. शाळेत झेंडावंदनाची तयारी चालू असतानाच बायका पाट घेऊन आल्या, ओळीने मांडून कामाला निघून गेल्या. शिपाई खुर्च्या घेऊन आला तेव्हा पुढची सगळी जागा भरलेली होती.

“आता ह्या कुठं ठिवू?” त्याने विचारले.

“मागं ठेव,” मंगलताई म्हणाल्या. “हवा लागती.”

चाळीस काळे चौकोन, चाळीस हस्ताक्षरे. कोणी नाव मोठे लिहिले होते आणि विषय कोपऱ्यात, कोणी नावासमोर फक्त “दिवे” एवढेच. सुनंदाच्या सासूबाईंना, गिरजाबाईंना, लिहिता येत नाही. त्यांनी नाव नातीकडून लिहून घेतले आणि खाली दिवा स्वतः काढला. तो भोपळ्यासारखा दिसत होता. त्यांनी पाट घेतला याचेच सुनंदाला आश्चर्य वाटत होते. “विचारलं तर म्हणाल्या, घरोघरी दिला, मला काय म्हणून न्हाई,” तिने मला हळूच सांगितले.

झेंडावंदनाहून परतणारे सगळे गाव शेडवरून गेले. थांबून वाचले. नावे मोठ्याने वाचली. आणि मग जे सुरू झाले ते मी शेडच्या खांबाला टेकून ऐकले.

“अगं ए रुक्मिणी, तुजा पाट उघडा पडलाय!”

एक जण फोनवर ओरडत होता, “आये, कांदं ऱ्हाऊ दे, तुझा पाट रिकामा दिसतोय हिथं. व्हय, पुढच्या रांगेत. समदं गाव वाचतंय, ये लवकर!”

“वयनी, तुमचं अक्षर लई झ्याक की.”

दहा वाजता निम्मे पाट रिकामे होते. आप्पा आले, पुढच्या ओळीशी थबकले. खुर्चीपर्यंत जायला मधून वाट नव्हती. त्यांनी धोतर सावरले, पाटांना वळसा घालून मागे गेले आणि बसण्याआधी विचारले, “पंगत कशाची म्हणायची ही?”

“दिव्यांची, आप्पा,” मंगलताई म्हणाल्या. “वाढायला तुमीच हायात.”

ग्रामसेवकांनी पहिली मोजणी केली: ब्याऐंशी. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आप्पांनी घड्याळ पाहिले. ग्रामसेवक अकरापर्यंत थांबू म्हणाले.

पाऊण तासात बायकांमागून पुरुष येऊ लागले. मला आधी ते कळले नाही, मग एकाने शेजाऱ्याला सांगितलेले ऐकू आले, “घरातली पुढं बसलीय आन् मी पारावर? लोक काय म्हणतील?” अकराला थोडे कमी असताना कांद्याच्या रानातून थेट ट्रॉलीच आली. उतरलेल्या बायकांचे हात मातीने भरले होते आणि त्या पुसत-पुसतच आपापल्या पाटाशी गेल्या.

दुसरी मोजणी: एकशे नऊ. मंगलताई मागे वळून म्हणाल्या, “आप्पा, तुमी उठलात तरी भरतंय.”

“उठतोय कशाला? बसलोय की,” आप्पा म्हणाले.

दिव्यांच्या विषयावर सुनंदा बोलायला पुढे आली आणि दोन वाक्यांनंतर अडखळली. तेव्हा गिरजाबाई उठल्या. मला भीती वाटली. नोकरी बंद करण्याचा निर्णय त्यांचाच होता.

“माझी सून तपासणीला हाय कंपनीत. चूक काढायचं काम हाय तिचं,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणले व्हते नोकरी सोड. आता दिवे लागंस्तवर मी बॅटरी घिऊन फाट्यावर उभी ऱ्हाते. पर दिवे पायजेत. हात वर करा.”

“मावशे, मग बिबट्याचं काय खरं न्हाई,” मागून आप्पा म्हणाले, आणि शेड हसली. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या हात वर करून उभ्याच राहिल्या. एकामागून एक हात वर झाले. आप्पांचा सगळ्यांत शेवटी, कोपरापर्यंतच, पण वर. “अंधारात कमान तरी कुणाला दिसायची,” ते शेजारच्याला म्हणाले. “पुढल्या सालाला बघू.”

ठराव मंजूर झाला. गिरजाबाईंबरोबर फाट्यावर जाण्याचे वार आणखी पाच जणींनी तिथेच वाटून घेतले. सुनंदाने शिक्रापूरला फोन लावला. “खिडकीची जागा दुसऱ्या कुणाला द्या,” ती म्हणाली.

मग बायकांनी पाट उचलले, छातीशी काळी बाजू बाहेर धरून, आणि आपापल्या घरी गेल्या. मी पिकअपमध्ये बसून निरीक्षणे पूर्ण केली. सभाभर बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या, प्रत्येक जण आपल्या पाटामागे, हात फळीच्या कडेवर. एका पाटावर पाण्याची बाटली होती, तीही कोणीतरी अक्षरांवरून सरकवून कोपऱ्यात ठेवली होती.

मांडलेले पाट: चाळीस. उपस्थिती: एकशे नऊ. पाटावर बसलेल्या व्यक्ती: शून्य.